खुणा

भद्रावती पेठेतल्या सोळा मागांच्या कारखान्यात
तोंडानं कुणी बोलत नसे.
दोन बोटं कात्रीसारखी हलली, की धागा तुटला.
मूठ कानाशी, जॉबरला बोलवा.
तळहात हनुवटीखाली, चहा आला.
नान्ना तीस वर्षं असेच बोलले
आणि कान तिथंच ठेवून घरी आले.

वीज गेली की अख्खा कारखाना गप्प व्हायचा.
नवीन पोरं तेव्हाही सवयीनं ओरडायची
आणि स्वतःच्या आवाजाला दचकायची.

आता अम्माच्या गालात गाठ आहे.
नान्नांना गाठ माहीत आहे ती विणकराची,
फणीतून सुळ्ळकन निघून जाणारी.
"सोडवून परत सांधता येईल ना?"
डॉक्टर बिराजदार बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

मी प्रयोगशाळेत काचा रंगवते, जांभळ्या, गुलाबी.
अम्माची काच रेहानानं रंगवली.
मी नुसती बघितली,
जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता.

पेशी बोलतात.
शेजारणी मधल्या खिडकीतून वाटीभर चटणी देतात
तशा बारीक दारांतून देतात-घेतात.
दाटी झाली, आता पुरे, असं एक म्हणते
आणि दुसरी थांबते.
आडवा धागा संपला की काटा पडतो
आणि माग आपोआप उभा राहतो, तसं.

गाठीतल्यांनी ती दारं लावून घेतली
आणि दुसरंच बोलणं सुरू केलं.
विडीच्या कट्ट्यांसारख्या बांधलेल्या पुड्या
रक्तातून लांब धाडतात,
फुप्फुसाला, यकृताला:
झाडून ठेवा, आम्ही येतोय.
रक्तवाहिनीला सांगतात, इकडं वळ.
पहारेकऱ्याला सांगतात, घरचेच आहोत, झोप.
तो झोपतो.

रात्री, पाणी मारूनही तापलेल्या गच्चीवर
हे नान्नांना सांगितलं,
अर्धं तेलुगूत, अर्धं हातांनी.
ते बराच वेळ चादरीचा काठ चाचपत होते.
मग म्हणाले, मोठ्यानं, बहिऱ्या माणसाच्या आवाजात:
"आमच्या संपात मालकानं कुणाला काढलं नाही.
फक्त मागांच्या मधे पत्रे ठोकले.
कुणाला कुणाचे हात दिसेनात.
नवव्या दिवशी आम्ही कामावर."

मला ते आवडलं नाही.
पण तेच करू बघतात, नान्ना.
कुणी पुड्या वाटेत अडवायला बघतंय,
कुणी कानांत बोळे घालायला,
कुणी ती जुनी दारं पुन्हा उघडायला,
म्हणजे पुरे म्हटलेलं ऐकू जाईल.
थोडंफार जमलंय, काही गाठींत.
बाकीचं ताटल्यांत आहे, उंदरांत आहे.
अम्माच्या गाठीसाठी नाही. या चैत्रात तरी नाही.

आणि अडचण अशी की शब्द तेच आहेत.
चाकूनं कापलेलं बोट याच शब्दांनी भरून येतं.
याच शब्दांवर माझी मूठ तिच्या पोटात वळली होती.
पत्रा ठोकला तर चहा आलेलाही दिसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी
अर्धा जबडा पट्टीत, नाकात नळी.
मी पाटी-पेन्सिल आणली होती.
अम्मानं ती उशाशी सारली.

वीस वर्षं ती विड्या वळून झाल्यावर
कारखान्याच्या दारात डबा घेऊन उभी राहायची.
तिथून ती काय काय शिकली
आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं हात वर केला.
दोन बोटं, कात्री.
नान्नांनी अंगठा तर्जनीवर फिरवला:
सांधतोय.

ती बघत राहिली. पटलं नसावं.
मग तळहात हनुवटीखाली, पट्टीला न लावता.

नळीतून चहा देत नाहीत, मी म्हटलं.
तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.
नान्ना खिशात सुट्टे चाचपत
केव्हाच दाराबाहेर गेले होते.